पाच घरचं झबलं

पारडीच्या उकंडा शिंप्याला नवं कापड कापता येत नव्हतं असं नाही. घाटंजीच्या एका टेलरकडे त्यानं आठ वर्षं काजंबटणं केली, तिथंच पँट-बुशकोट सगळं शिकला. पण गावी येऊन मशीन टाकल्यावर त्याच्याकडे जे आलं ते जुनंच आलं, आणि जुन्यातच त्याचा हात बसला. सदऱ्याची कॉलर झिजली की ती उसवून उलटी बसवायची. बापाच्या पँटीची आतली न विटलेली बाजू बाहेर काढून पोराची शाळेची चड्डी करायची. लुगडं विरलं की परकर, परकर विरला की पोरीचा झगा, झगा विरला की कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी. युरियाच्या पोत्याचा अंगरखाही त्यानंच काढला. गळ्यात अडकवायचा, मागं दोन बंद. माणूस चालला की तो फडफड वाजायचा. पोरं हसायची, पण फवारणीत अंग भाजणं कमी झालं म्हणून माणसं शिवून न्यायची.

कापड हाताला लागलं की कुठं जीव आहे आणि कुठं नाही ते त्याला न बघता कळायचं. धोतर मध्ये जातं, दोन्ही टोकांना शाबूत राहतं. लुगडं बुडाखाली आणि गुडघ्यावर जातं, पदराकडचा हातभर तुकडा अखेरपर्यंत टिकतो. सदऱ्याची पाठ उन्हानं जाते, पण कॉलरखालची चार बोटं नव्यासारखी असतात, कारण तिथं ऊनच पोचत नाही.

कापसाची ती वाईट सालं आली तेव्हा गावात ज्याचं काम वाढलं असा हा एकटा. दसऱ्यापासून त्याच्या ओसरीवर गठुडी पडायची. कोणी म्हटलं, "उकंडा, यंदा जोरात आहे बाप्पा तुहं," तर तो मान खाली घालायचा.

"गाव सुखात असलं की मले काम नसते," तो म्हणायचा. "अन् यंदा जेवाले फुरसत नाही. आता समज तू."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याची लेक साधना बाळंतपणाला आली. तिचं सासर राळेगावकडं. पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं, दुसरं तीन महिन्यांचं होऊन. हे तिसरं. घरात बाई माणूस नव्हतं. उकंडाची बायको वारून सहा वर्षं झालेली. तो सकाळी उठून लेकीसाठी भाकरी थापायचा, तिच्या डोक्याला तेल लावायचा, आणि मशीनवर बसला की पोटाकडे बघायचा नाही. नजर लागेल म्हणून.

ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिच्या पुढच्या लेकरासाठी आमच्याकडे पाच घरचं झबलं करतात. बाईच्या आईनं पदर पसरून पाच घरी जायचं, प्रत्येक घरचा एक वापरलेला तुकडा मागायचा, आणि त्या पाच तुकड्यांचं झबलं बाळाच्या अंगावर पहिल्यांदा चढवायचं. मागून आणलेलं, उष्टं पोर आहे असं यमाला वाटावं म्हणून. अट एकच. त्या पाचही घरी कोणी अवेळी मेलेलं नको. माणूस गेलेलं चालतं, पण वय होऊन गेलेलं.

उकंडाचा यावर विश्वास असायला कारण होतं. त्याच्या आईची चार लेकरं गेली होती. पाचवा हा. जन्मला तसा उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर ठेवला, तेच नाव दिलं, आणि पाच घरचं झबलं घातलं. तो जगला. त्यानं शेकडो माणसांना सांगितलं होतं, "मी बसलो ना तुमच्यापुढं जिता."

साधनाची आई नव्हती. म्हणून बापानंच खांद्यावरचा शेला हातात घेतला.

निघण्याआधी तो ओसरीवर बसून घरं मोजायला लागला. पारडीत आणि तिला लागून असलेल्या तांड्यात मिळून सव्वाशे घरं. या टोकापासून सुरुवात केली. पहिल्या घरी धाकटा भाऊ, दोन हजार दोनला गेला. पुढच्या घरी जावई, लेक परत आलेली. त्यापुढचं घर ठीक. नाही, तिथं पोरगी विहिरीत सापडली होती. सगळ्या घरचे कपडे त्याच्या हाताखालून गेलेले. कोणत्या घरच्या गड्याची पँट पोराच्या मापाची करून नेली ते त्याला पाठ होतं, आणि ती पँट का छोटी झाली तेही. कमीतकमी चाळीस घरं सापडतील असं त्याला वाटलं होतं. शाळेपर्यंत आला तेव्हा बोटावर तीन होती.

तो उठला आणि निघाला. चूक इथं झाली, पण तेव्हा ती त्याला दिसली नाही.

पहिला तुकडा कुंभाराच्या म्हातारीनं दिला, लुगड्याच्या पदराचा, हिरवा. दुसरा एसटीत कंडक्टर असलेल्या माणसाच्या घरून, खाकी सदऱ्याच्या कॉलरखालचा. तिसरा निळ्या काठाचा, निवृत्त मास्तरीणबाईंच्या पांढऱ्या साडीचा. त्या म्हणाल्या, "उकंडाभाऊ, मी हे काही मानत नाही. पण साधना माझी विद्यार्थिनी आहे," आणि चांगला मोठा तुकडा कापून दिला.

मास्तरीणबाईंच्या घरापासून पुढं जायला तांड्यातून वाट होती. वाटेवर बिजलीबाईचं घर. तिचा नवरा फुलसिंग दोन वर्षांपूर्वी शेतातच औषध पिऊन गेला होता. बिजलीबाई दारात तूर पाखडत बसली होती. मागायला निघालेला माणूस दारावरून जातोय म्हणून ती सूप ठेवून उभी राहिली. उकंडानं शेला आवरला, मान खाली घातली आणि पुढं गेला.

"उकंडाभाऊ," मागून आवाज आला, "पाय भाजून राह्यले काय? लयच लवकर चालले."

तो थांबला नाही.

चौथा तुकडा तांड्याच्या नायकाकडून मिळाला. पाचव्यासाठी तो बबनरावांच्या दारात उभा राहिला, आणि इथं मात्र त्याची छाती जरा मोकळी झाली. बबनरावांचे वडील पंजाबराव गेल्या कार्तिकात गेले, ऐंशीच्या घरात. पहाटे झोपेतच. अशी मौत गावानं पाच-सहा वर्षांत पाहिली नव्हती. भजन लावून, गुलाल उधळत नेलं होतं त्यांना. लोक रडण्याऐवजी हात जोडत होते, की एक तरी माणूस या गावातून वेळेवर गेला. त्यांच्या धोतराचा तुकडा म्हणजे झबल्यात छातीवर लावायचा तुकडा.

बबनराव स्वतः आत जाऊन धोतर घेऊन आले. "घे. अर्धं घे. माह्या बाबाचं आयुष्य लागो तिच्या लेकराले."

त्यांची बायको सत्यभामा चुलीजवळ होती. ती बाहेर आली नाही.

त्या दिवशी दुपारी साधना हापशीवर गेली आणि रिकामा हंडा घेऊन परत आली.

"बाबा, तुमी कोनाकोनाच्या दारात गेलते?"

"तुह्यासाठी गेलतो मा."

"अन् कोनाच्या दारात नाही गेले, थे सारं गाव मोजून राह्यलं. बाया म्हनते, उकंडानं घरं निवडली. चांगली इकडे, सडकी तिकडे. कोनी माह्याशी बोललं नाही. बिजलीमावशीनं तोंड फिरवलं."

उकंडा म्हणाला, "रीतच तशी आहे. मी काय करू?"

साधना पोटाला हात लावून खाली बसली. "दोन लेकरं गेली माह्या घरी. मंग माह्या घरची चिंधी कोन घेईन, बाबा? माह्याही दारावरून असेच जातीन ना?"

त्यानं हंडा उचलला आणि स्वतः पाण्याला गेला. हापशीवर बाया बाजूला झाल्या.

पण झबलं त्यानं थांबवलं नाही. पोरीचं लेकरू जगलं पाहिजे, मग गाव काही म्हणो. मशीन न लावता हातानं शिवायला घेतलं, शिवण बाळाला बोचू नये म्हणून सगळे जोड बाहेरच्या अंगाला. पाठीला खाकी आणि हिरवा, बाह्यांना निळ्या काठाचं पांढरं, खाली नायकाकडचा फुलाफुलांचा, आणि छातीवर पंजाबरावांचं धोतर, विटून दुधासारखं झालेलं.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात सत्यभामा आली. हातात एक पोलकं होतं. साधना आत झोपली होती. सत्यभामेनं पोलकं मशीनवर ठेवलं.

"काय करायचं याचं, वहिनी?"

"बाह्या." मग म्हणाली, "भाऊ, झबलं झालं काय?"

"होत आलं."

"थे छातीवरचं काढून टाका."

उकंडाला वाटलं बबनरावांचं मन फिरलं. "बबनभाऊनंच देल्लं ना?"

"त्याईले माहीत नाही." ती ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली. "माह्या सासऱ्याले वयानं नाही नेलं, भाऊ. मी पहाटे पानी तापवाले उठली. बाबाच्या खाटेखाली फवारनीचा डबा होता, बूच उघडं. तोंडाले फेस. अंग गार झालतं. म्या डबा गोवऱ्याईत लपवला. तोंड धुतलं, भांडं घासतो तसं घासलं, वास जावा म्हनून. तुळशीचं पान ठेवलं. अन् मंग यांईले हाक मारली, बाबा उठून नाही राह्यले म्हनून."

उकंडानं सुई झबल्यात टोचून ठेवली.

"त्या हप्त्यात कापसाच्या गाड्या बाजारातून तशाच परत आलत्या," ती म्हणाली. "आदल्या दिवशी बाबा म्हनले, सूनबाई, माह्या वाटची भाकर पोरीच्या ताटात टाकत जाय, मले आता भूक नाही राहत. म्या म्हनलं, काहीबाही बोलता. भाऊ, म्या भाकर पुन्हा नाही वाढली त्यांईले. ऐकून बसली त्यांईचं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली. "त्यांईनं धोतर देल्लं तवा मी आतून पाहून राह्यली होती. तीन दिस झाले, डोये लागत नाही. तुमची पोरगी दोनदा जळली. माह्या गप बसन्यानं तिसरं जाऊ नोको."

"वहिनी," उकंडा म्हणाला, "हे माह्या तोंडून निघनार नाही."

"यांईले कळलं तर थे जगनार नाही. गुलाल उधळला होता त्याईनं."

ती गेल्यावर त्यानं छातीवरचा तुकडा उसवला. टाके बारीक घातले होते, ब्लेडच्या टोकानं एकेक काढावा लागला. झबल्याला समोर भोक पडलं. साधना उठून आली तेव्हा ते त्याच्या मांडीवर होतं.

"हे कायले उसवलं?"

"तुकडा नीट नव्हता."

तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, पुढं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मंग बिजलीमावशीकडं जा. दुसरीकडं कुठीच नोका जाऊ."

"साधना, तिथं फुलसिंग..."

"मले माहीत आहे. तिच्या घरचं लागलं तर लागलं. नाही तर मी लेकराले हॉस्पिटलच्या फडक्यात ठेवीन."

उकंडा तसाच उठला. एवढ्या वर्षांत त्याला कुणाच्या दारात जायला इतका वेळ लागला नव्हता. बिजलीबाई घरातच होती. तिनं त्याला दारात उभं ठेवलं.

"आज वाट सापडली काय?"

"सापडली."

"कोनं लावून देल्ली?"

"साधनानं."

ती आत गेली. आत बराच वेळ पेटी उघडल्याचा, पुन्हा बंद केल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा हातात लाल मऊ कापड होतं. "माह्या घागऱ्याचं देनार होती. पन आरसे हायेत, छोऱ्याले टोचतीन. हे त्यांईच्या पागोट्याचं आहे. लग्नातलं." तिनं दातानं कापड फाडलं, शेल्यात टाकलं, आणि उकंडा काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमी माह्या दारावरून गेले, थे मी इसरनार नाही. पन पोरीले सांगा, लेकरू जगन म्हना."

ज्येष्ठात साधनाला घाटंजीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोन किलोची, पण रडली मोठ्यानं. आठवा दिवस गेला. उकंडा त्या दिवशी मशीनवर बसला नाही, दिवसभर झोळीची दोरी हातात धरून होता. नववा गेला, दहावा गेला. बाराव्या दिवशी चार बायांना बोलावून नाव ठेवायचं ठरलं. चार म्हटल्या तरी गाव आलं, कारण साधनाचं पोर जगतंय का ते सगळ्यांना बघायचं होतं. ज्या घरी उकंडा गेला नव्हता त्या घरच्या बायाही आल्या. भिंतीला टेकून बसल्या, पण आल्या.

साधनानं मुलीला झबलं घालून बाहेर आणलं. छातीवर लाल पागोटं. बिजलीबाई मागं उभी होती. बायांनी लाल तुकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

बबनराव मुद्दाम आले होते. वडिलांचं धोतर लेकराच्या छातीवर आहे हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. पुढं होऊन त्यांनी मुलीला हातात घेतलं. झबलं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पाठ उलटी करून पाहिली.

"उकंडा, माह्या बाबाचं कुठी आहे?"

सत्यभामा बायांमध्ये बसली होती. तिनं पदर कपाळावर ओढला.

"नाही लागलं, बबनभाऊ."

"काहून?"

"विरलं होतं. टाका धरे ना."

एक म्हातारी हसली, तिला वाटलं गंमत आहे. चाळण झालेल्या लुगड्याचे परकर शिवणारा माणूस टाका धरत नाही म्हणतोय.

बबनराव हसले नाहीत. "तू माह्या बापाचं धोतर सडलं म्हनतं? अन् फुलसिंगचं पागोटं चाललं तुले?"

"हो."

"चारचौघात म्हनतं?"

"जे होतं थे सांगतलं."

बबनरावांनी मुलगी साधनाच्या हातात दिली. जाताना त्यांची नजर बायांच्या घोळक्यावरून फिरली, बायकोवर थांबली. सत्यभामा जमिनीकडे बघत होती. ते घुगऱ्या न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा ते ओसरीवर बसलेले होते. मांडीवर गठुडं. भांडायला आले असं उकंडाला वाटलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. बबनरावांनी तो बाजूला ठेवला आणि गठुड्याची गाठ सोडली. दोन धोतरं, एक बंडी, आणि लग्नाकार्याला घालायचा पंजाबरावांचा काळा कोट.

"पाह्य," ते म्हणाले. "हेही सडलं काय?"

उकंडानं एकेक हातात घेतलं. धोतरं दणकट होती. कोट तर अजून वीस वर्षं गेला असता. आतलं अस्तरही विटलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"सारं?"

"सारं, बबनभाऊ."

रस्त्यावरून सायकलवर कोणी गेलं, "राम राम" म्हणालं.

"सत्यभामा आलती इथी? बाळंतपनाच्या आधी?"

"पोलक्याच्या बाह्या घट्ट करून न्याले आलती."

"अन् नेलं पोलकं?"

उकंडानं खुंटीकडे पाहिलं. पोलकं तिथंच टांगलेलं होतं, महिन्याची धूळ घेऊन. बबनरावांनीही पाहिलं. मग त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि तसेच बसून राहिले. खांदे हलत होते, आवाज नव्हता. उकंडा उठून दुकानाची ताडपत्री थोडी खाली ओढून आला, रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

"घरी तिले काही म्हननार नाही मी," बबनराव शेवटी म्हणाले. "तूही नोको म्हनू."

"नाही."

"धोतरं जाऊ दे. कोट माह्या मापाचा करून दे."

"बबनभाऊ, सडलं म्हनलं ना मी."

"माहीत आहे. कर."

ते उभे राहिले आणि हात थोडे वर केले. उकंडानं गळ्यातली टेप काढून त्यांच्या छातीभोवती घेतली. छाती धापेसारखी वरखाली होत होती, टेप एका आकड्यावर थांबेना. त्यानं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग अंदाजानं एक आकडा वहीत लिहून घेतला.